वाचक विचारतात : खाडीपलीकडच्या वाटा

मुंबईजवळच्या, पण गर्दीच्या नजरेतून सुटलेल्या भटकंतीच्या जागांबद्दल प्रश्न मागवले होते. निम्मी पत्रं एकाच ठिकाणी अडलेली दिसली : गाडी काढावी तर महामार्गावर कोंडी, आणि गाडी नसेल तर जायचं कसं? किनाऱ्यावर याची तोड जुनीच आहे. रस्ता जिथे खाडीला वळसा घालतो, तिथे होडी सरळ पलीकडे जाते. म्हणून इथली बरीच उत्तरं लाँच, रो-रो (गाड्या आत घेणारी मोठी बोट), लोकल आणि एसटी धरून दिली आहेत.

राजमाची, हरिश्चंद्रगड, कळसूबाई, सगळीकडे शनिवारी रात्रीपासून रांग असते. एका दिवसात एसटीने जाऊन येता येईल असा किनाऱ्याकडचा एखादा डोंगर सुचवा. चौघं आहोत, चालायची सवय आहे. (डोंबिवली)

सागरगड. अलिबागला जाणारे लाखभर लोक त्याच्या पायथ्यावरून गाडीने निघून जातात आणि वर बघतही नाहीत. पनवेलहून पेण-वडखळ-पोयनाडमार्गे अलिबागला जाणारी एसटी धरा. कार्लेखिंड उतरल्यावर अलिबागच्या अलीकडे खंडाळे गाव लागतं, तिथे उतरायचं. कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवा; सगळी बस अलिबागची असते, त्यामुळे मधला थांबा सहज चुकतो.

गड समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर. आकडा ऐकून घाटावरचे ट्रेकर हसतात आणि नंतर धापा टाकतात. घाटमाथ्यावरच्या गडाची उंची सांगतात तेव्हा तिच्यातली निम्मी-अधिक उंची पायथ्याच्या गावानेच चढलेली असते. इथे गाव जवळजवळ समुद्राच्या पातळीवर आहे, त्यामुळे ४०० म्हणजे पुरते ४०० चढायचे, तेही दमट हवेत.

वाट तीन टप्प्यांची. खंडाळ्याहून ओढ्याच्या कडेने निघून धोंडाण्याचा धबधबा एका बाजूला ठेवत सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत तासभर. हा टप्पा सर्वांत उभा आहे. तो सकाळी साडेआठच्या आत संपवला तर बाकीचा दिवस तुमचा. देवळापासून सागरगड माची अर्धा-पाऊण तास. माचीवर वस्ती आहे, तिथे बाटल्या भरून घ्या आणि परतीची वेळ सांगून ठेवा. माचीपासून किल्ला आणखी पाऊण तास, पण हा भाग पठाराचा आहे. वर पडकी तटबंदी, पाण्याचं टाकं आणि टोकाला सुटा उभा असलेला वानरटोक सुळका. हवा स्वच्छ असली तर एका बाजूला धरमतरची खाडी आणि दुसऱ्या बाजूला कुलाबा किल्ला दिसतो. सुळक्यासमोरच्या कड्यावर मुरूम सुटा आहे आणि वारा अचानक झोत मारतो. फोटोसाठी काठावर पाठ करून उभं राहू नका.

चुकतात ते माची ते किल्ला या पट्ट्यात. गुरांच्या वाटा चहूकडे फुटलेल्या आहेत. ढोरवाट ओळखायची साधी खूण अशी : ती झुडपाखालून वाकून जाते, कारण गुराला डोक्यावरची फांदी अडत नाही. माणसांची वाट डोक्याच्या उंचीपर्यंत मोकळी असते, आणि कडेच्या फांद्या कोयत्याने तोडलेल्या दिसतात. पाच मिनिटं सतत वाकून चालावं लागलं तर मागे फिरा.

सागरगड झाला असेल तर दुसरा पर्याय रोह्याचा अवचितगड. दिवा-रोहा मेमूने रोह्याला, तिथून रिक्षाने मेढे किंवा पिंगळसई. गड तीनशेच मीटरचा, पण दाट रानात बुडालेला. वर द्वादशकोनी तलाव आहे, तो एकटाच तिथवर जाण्याइतका देखणा आहे. रान दाट म्हणून मोहोळांचा धोका जास्त : अत्तर-परफ्यूम नको, धूर नको, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर हात झाडू नका. तोंड कापडाने झाका आणि आलेल्या वाटेने दूर निघून जा.

कनकेश्वरला पायऱ्या आहेत म्हणे. आईचं वय ६४, गुडघे बरे आहेत. नेऊ का? (कुर्ला)

न्या, पण उतरण्याचा विचार करून न्या. गेटवेहून लाँचने मांडवा, तिथून अलिबाग-रेवस रस्त्यावरचा कनकेश्वर फाटा, आणि फाट्यावरून मापगाव. मापगावातून वर देवळापर्यंत सातशेच्या वर दगडी पायऱ्या आहेत. चढायला दीड तास धरा. चढ संपूर्ण झाडीतून आहे, म्हणून वयस्कर माणसालाही झेपतो. गुडघा बोलतो तो उतरताना, कारण पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. दोन काठ्या घ्या आणि उतरताना काठी आधी, पाय नंतर. वर शंकराचं देऊळ, बांधीव कुंड आणि गार सावली. महाशिवरात्र, श्रावणी सोमवार आणि त्रिपुरी पौर्णिमा टाळा. त्या दिवशी तिथे तुम्हाला हवी ती शांतता नसते.

मालाड-मनोरी-उत्तन-भाईंदर-वसई-अर्नाळा-विरार-केळवे असा एका दिवसाचा सायकलबेत आखला आहे. सायकल हायब्रिड, ७०० बाय ३५ टायर. याआधी सलग ६० किलोमीटर केले आहेत. जमेल का? (बोरिवली)

बेत उत्तम आहे. दिशा मात्र उलटी करा.

किनाऱ्यावर हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, हलका आणि गार. अकरा-बाराच्या सुमाराला जमीन तापते आणि खारा वारा सुरू होतो. आपल्या किनाऱ्यावर दुपारचा हा वारा वायव्येकडून येतो. तुम्ही दक्षिणेकडून उत्तरेला निघालात तर नेमके दमलेले असताना, वसईच्या पुढे, तो तोंडावर घ्याल. सपाट रस्त्यावर ताशी २० ने चालणारी सायकल या वाऱ्यात १४-१५ वर येते, आणि माणसाला वाटतं आपलीच ताकद संपली. केळव्याहून दक्षिणेला आलात तर हाच वारा पाठीला लागतो. दुसरा फायदा असा की सायकल लोकलमध्ये चढवायचं काम पहाटे, रिकाम्या डब्यात होतं, आणि संध्याकाळी तुम्ही सायकलवरच घराजवळ पोहोचता.

पहाटेची डहाणू लोकल पकडा. सायकल लगेजच्या डब्यात, लगेजचं तिकीट काढून. पुढचं चाक काढून फ्रेमला बांधलं तर जागा निम्मी लागते आणि कोणी कुरकुरत नाही. केळवे रोडला उतरून किनारा सात-आठ किलोमीटर. केळवे-माहीमच्या पानवेलीच्या वाड्या इथेच. तिथून दक्षिणेला दांडा, उसरणी, मथाणे, एडवण, कोरे अशी गावं ओवत रस्ता टेंभीखोडावे आणि जलसारकडे जातो. बहुतेक सपाट, वाहनं तुरळक, सावली मात्र तुटक. हा सगळ्यांत सुंदर आणि सगळ्यांत दुर्लक्षित पट्टा आहे. केळव्याला आलेला पर्यटक पुळणीवरच थांबतो, आणि दक्षिणेकडून येणाऱ्याला पूर्वी वैतरणेची खाडी आडवी यायची. आता जलसारच्या खारवाडेश्रीहून विरारच्या मारंबळपाड्याला रो-रो आहे. दीड-दोन किलोमीटरचं पाणी, ज्यासाठी रस्त्याने साठेक किलोमीटरचा फेरा पडतो.

पलीकडे उतरल्यावर हमरस्ता धरू नका. आगाशी, नाळे, वाघोली, निर्मळ, भुईगाव, गिरीज असं वाड्यांमधून वसईच्या किल्ल्याकडे या. रस्ता अरुंद आणि वळणाचा आहे, दोन्ही बाजूंना केळी आणि फुलझाडं. या भागात हंगामात सुकेळी मिळतात, इथलीच वाळवलेली केळी. सायकलवर खायला एनर्जी बारपेक्षा बरी : खिशात चुरगळत नाहीत, गोड असूनही घशाला चिकटत नाहीत. दर पाऊण तासाला एक, तहान-भूक लागायची वाट न बघता.

वसईला साडेबारापर्यंत पोहोचून किल्ल्याच्या सावलीत तीन वाजेपर्यंत थांबा. पुढे वसई-भाईंदर रो-रो, मग मुर्धे, राई, मोर्वे अशी मिठागरांच्या कडेने उत्तन, गोराई, मनोरी, आणि मार्वेची होडी. उत्तनजवळ थोडे चढ आहेत, बाकी काही नाही. सगळं मिळून ८० ते ९० किलोमीटर. सलग ६० केलेल्याला जमतं, कारण दोन रो-रो आणि एक होडी म्हणजे तीन सक्तीच्या विश्रांती. नाहीच जमलं तर विरार किंवा वसईला लोकल आहेच; मात्र रविवार संध्याकाळची गर्दी आणि सायकल यांचं जुळत नाही.

बिघडतं काय? पहिलं, रो-रोची वेळ. मोठ्या ओहोटीला फेऱ्या मागे-पुढे होतात. आदल्या दिवशी वेळा विचारून घ्या आणि त्याच्या अर्धा तास आधी धक्क्यावर असा. दुसरं, काटे. मिठागरांच्या आणि खाडीच्या कडेला वेडी बाभूळ माजलेली आहे. दोन ट्यूब, टायर काढायचे तीन लिव्हर, हातपंप आणि पॅच बरोबर हवेत. पंक्चर झाल्यावर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापडाचा तुकडा सगळीकडे फिरवा. काट्याचं तुटलेलं टोक कापडाला अडकतं. बोटाने शोधाल तर बोटात जाईल, आणि न शोधाल तर नवी ट्यूब दोन किलोमीटरवर बसेल. हवा ६० पीएसआयच्या आसपास ठेवा, त्याहून कडक नको. गावातल्या पेव्हर ब्लॉकवर मनगटं दुखतात.

हा बेत नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच.

मोटरसायकलने अलिबागला जायचं आहे, वडखळचा रस्ता नको. अटल सेतूवर दुचाकीला बंदी. मग? (पनवेल)

उरणहून करंजा, करंजाहून लाँचने रेवस. धरमतरची खाडी एवढीशी आहे, पंधरा-वीस मिनिटांत पार. लाँचवर मोटरसायकल घेतात, पण ती फळीवरून माणसं उचलून-ढकलून चढवतात हे लक्षात ठेवा. बाजूच्या बॅगा आधी उतरवा, टाकी तुडुंब भरू नका, आणि होडी चालू असताना गाडी गिअरमध्ये ठेवून शेजारी उभे राहा. साइड स्टँडवर सोडलेली गाडी दुसऱ्या लाँचच्या लाटेने पडते. दीड-दोनशे किलोच्या वरची अवजड गाडी असेल तर हा उद्योग नको; भाऊच्या धक्क्याहून मांडव्याची रो-रो घ्या, तीत गाडी चालवतच आत जाते.

रेवसच्या बंदराला गाळ फार. मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही आणि तास-दोन तास खोळंबा होतो. पुढच्या प्रश्नातला भरती-ओहोटीचा हिशोब इथेही कामाला येईल.

जाता जाता उरणचा द्रोणागिरी बघून घ्या. डाऊरनगरच्या बाजूने वर पाऊण तास, माथ्यावर पोर्तुगीज काळातल्या चर्चचे अवशेष आणि टाकं. पायथ्याशी ओएनजीसीचा प्रकल्प आहे, त्या दिशेला कॅमेरा रोखू नका आणि ड्रोन तर नकोच. जानेवारी २०२४ पासून लोकल उरणपर्यंत जाते, त्यामुळे गाडीशिवायही हा डोंगर अर्ध्या दिवसाचा झाला आहे. तरी वर शुकशुकाट असतो.

मुलांना घेऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं आहे, आणि नंतर पुळणीवर सायकल चालवायची आहे. दोन वेळा गेलो, दोन्ही वेळा पाणी भरलेलं. ओहोटी कधी हे घरबसल्या कसं कळेल? (ठाणे)

मोबाइलवर तक्ते मिळतात, पण कोळीवाड्यातला हिशोब भिंतीवरच्या कॅलेंडरने होतो, आणि तो एकदा समजला की सहल आखण्याची पद्धतच बदलते.

तिथी घ्या, तिला पाऊणने गुणा. आलेला आकडा म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला आठ गुणिले पाऊण बरोबर सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे दुपारी सव्वाबाराला. दशमीला भरती साडेसातला, ओहोटी पावणेदोनला. पौर्णिमेनंतर वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. उत्तर अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने बरोबर येतं. हा हिशोब चालतो, कारण भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते.

इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. चुकतं ते पुढे. ओहोटीची वेळ बरोबर साधूनही पाणी दिसतं, कारण प्रत्येक ओहोटी सारखी नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं : भरती खूप चढते आणि ओहोटीही खूप लांब जाते. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग असतो : पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. भांगाच्या ओहोटीला किल्ल्याची वाट पूर्ण कोरडी पडेलच असं नाही. तुमच्या दोन्ही फेऱ्या बहुधा दुपारच्या ओहोटीला झाल्या असाव्यात. दुपारची ओहोटी म्हणजे अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांग.

म्हणून पौर्णिमा किंवा अमावास्येला लागून येणारा शनिवार-रविवार निवडा. त्या दिवसांत ओहोटी पहाटे साडेपाच ते सात आणि पुन्हा संध्याकाळी येते. सकाळची घ्या. आदल्या रात्री मुक्कामी राहावं लागेल, त्याला इलाज नाही. पाणी अजून उतरत असताना, तळ गाठायच्या तासभर आधी निघा आणि तळाच्या वेळेनंतर तासाभरात परत किनाऱ्याला लागा. भरतीचं पाणी एकसारखं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. पहिला तास फसवा असतो, पाणी हललेलंच दिसत नाही. तिसऱ्या तासात ते चालत्या माणसाला गाठतं. आणि ते नेहमी समोरून येत नाही, किनारा आणि किल्ला यांच्यामधल्या खोलगट भागात आधी भरतं.

पायात पट्ट्याच्या सँडल घाला. खडकांवर कालवांच्या धारदार कडा आहेत, अनवाणी पाय कापतो आणि खाऱ्या पाण्यात ती जखम चटकन चिघळते. किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आणि गणपतीचं देऊळ आहे. सकाळी फार लवकर गेलात तर तिकीटघर आणि दार उघडण्याची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा.

सायकलसाठीही हाच दिवस. उधाणाच्या ओहोटीला नागाव, आक्षी, रेवदंडा इथली पुळण लांबवर ओली आणि टणक पडते. पाण्याची रेघ आणि कोरडी वाळू यांच्या मधला काळपट, चमक गेलेला पट्टा धरा. चकचकीत वाळूत पाणी भरलेलं असतं, चाक रुततं. पांढऱ्या कोरड्या वाळूत तर चालतच नाही. रुंद टायर असेल तर हवा २५ पीएसआयपर्यंत उतरवा, आणि डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा भरा. नाहीतर पहिल्याच खड्ड्यात रिम ट्यूबला चावते. दक्षिणेला दिवेआगर, हरिहरेश्वरकडे गेलात तर हिवाळ्यात भरतीच्या रेषेवरची वाळू वर्ज्य. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात.

तांदूळवाडी की काळदुर्ग? दहा वर्षांचा मुलगा बरोबर आहे. (विरार)

काळदुर्ग. पालघरहून मनोरच्या रस्त्याने वाघोबा खिंडीत उतरायचं. खिंडच बरीच वर असल्याने चढ तास-सव्वा तासात संपतो आणि वाट मळलेली आहे. खिंडीत माकडं आहेत, खाऊची पिशवी हातात दिसली की ओढतात. सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये, चेन लावून. वर पिण्याच्या पाण्याचा भरवसा धरू नका.

तांदूळवाडी पुढच्या वर्षी करा. सफाळ्याहून जवळ, पण चढ दोन तासांचा आणि वरचा खडकाळ भाग मुलाला हात देऊन चढवावा लागतो. माथ्यावर कातळात खोदलेली टाक्यांची रांग आणि खाली वैतरणा-सूर्येचा संगम, हे बघायला तो दोन तास दमला तरी वसूल.

दर महिन्याला किनाऱ्यावर सायकल नेतो. वर्षभरात चेन दोनदा बदलली, स्पोकच्या टोकांना गंज, ब्रेकची केबल अडकते. धुतो तर दर वेळी. (चेंबूर)

धुता, पण बहुधा पेट्रोल पंपावरच्या किंवा वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने. गंजाचं खरं दुखणं तिथे आहे. जोराचा फवारा ग्रीस मागे सारून खारं पाणी आणि वाळू हबच्या (चाकाचा मधला भाग) आणि बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस बसतो तो भाग) आत ढकलतो. बाहेरून सायकल चकाचक, आतून बेअरिंग खलास.

घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी, झोपण्याआधी, दोन बादल्या गोडं पाणी. पहिली मगाने वरून खाली नुसती ओता, काहीही न घासता, म्हणजे वाळू वाहून जाते. आधीच कापड फिरवलंत तर वाळूनेच रंग खरवडतो. दुसऱ्या बादलीत भांड्याच्या साबणाचे थोडे थेंब टाकून मऊ ब्रशने रिम, स्पोकची टोकं, ब्रेकचे पॅड. मग पुन्हा साधं पाणी. चेन वेगळी : डीग्रीझर किंवा रॉकेल ब्रशला लावून पेडल उलटं फिरवत काळं निघेपर्यंत. रॉकेल टायरवर किंवा डिस्कवर सांडू देऊ नका.

आता सगळ्यांत जास्त चुकणारी पायरी. चेन ओली असताना तेल घालू नये. खालचं पाणी तेलाखाली अडकतं आणि गंज आतून सुरू होतो. सुक्या कापडाने पुसून अर्धा तास उन्हात किंवा पंख्याखाली, मग प्रत्येक कडीच्या रोलरवर आतल्या बाजूने एकेक थेंब. दहा मिनिटं थांबा आणि बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. बाहेर राहिलेलं तेल वाळू धरतं, आणि वाळू-तेलाचं मिश्रण म्हणजे पॉलिश पेपर. तुमच्या दोन चेन त्यानेच खाल्ल्या. पुळणीवर जाताना पातळ, सुकं ल्यूब, म्हणजे चेनचं तेल. जाड ओलं ल्यूब फक्त पावसाळ्यात. शिवणयंत्राचं तेल दोन दिवस चालतं, पुढे नाही.

केबल अडकते कारण बाहेरच्या आवरणाच्या टोकातून मीठ आत शिरतं. दर दोन महिन्यांनी केबल बाहेर ओढून पुसा. तार पिसकटलेली दिसली तर आवरणासकट बदला. नुसती तार बदलून पैसे वाचत नाहीत. आणि चाक बुडेल एवढ्या समुद्राच्या पाण्यातून सायकल नेणं बंद करा, फोटो कितीही चांगला येत असला तरी.

मार्चमध्ये कोकणातल्या डोंगरावर दोन लीटर पाणी पिऊनही पायात गोळे आले, डोकं गरगरलं. सह्याद्रीत असं कधी होत नाही. (पुणे)

पुण्याच्या कोरड्या हवेत घाम उडून जातो आणि अंग गार होतं. किनाऱ्याच्या दमट हवेत तो उडतच नाही, नुसता गळतो. शरीर तापतच राहतं आणि आणखी घाम सोडतं. पाण्याबरोबर मीठ जातं, आणि तुम्ही भरून काढलंत ते फक्त पाणी. कोरं पाणी जास्त पिण्याने गोळे थांबत नाहीत, उलट मळमळतं.

मार्चमध्ये पाच तासांच्या चालीला माणशी चार लीटर. त्यातलं एक लीटर ओआरएसचं : मोठं पाकीट पूर्ण एक लीटरमध्ये. अंदाजाने अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात घालू नका, दाट द्रावण पोटात जाऊन त्रास वाढवतं. ओआरएस आवडत नसेल तर कोकमचं आगळ न्या. ते खारवलेलंच असतं. लीटरला तीन-चार चमचे आणि चवीपुरती साखर. एकदम गटागटा न पिता वीस मिनिटांनी तीन-चार घोट. गोळा आला तर सावलीत बसून पाय ताणा, पंजा गुडघ्याकडे ओढा, मीठ असलेलं काही प्या, पंधरा मिनिटं थांबा.

घाम थांबून कातडी तापली, किंवा बरोबरचा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो गोळ्यांचा मामला नाही, उष्माघात आहे. त्याला सावलीत आडवं करून कपडे ओले करा, काखेत आणि मानेला ओलं कापड लावा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

मार्चनंतर किनाऱ्यावरचे डोंगर साडेपाचला सुरू करून दहाला खाली असा हिशोब ठेवा.

फणसाडमध्ये शेकरू दिसेल का? सायकल आत नेता येते का? (दादर)

मुरुडजवळचं हे अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं. सुपेगावच्या नाक्यावर नोंद करून आत जायचं. सायकल नाक्यावरच ठेवावी लागेल असं धरून चला. चालत जास्त दिसतं. शेकरूसाठी सकाळी साडेसहा ते नऊ. जमिनीकडे बघा, कुरतडलेली ताजी फळं आणि साली पडलेल्या असतील तर मान वर करा. उंच झाडाच्या फांदीला काटक्यांचा मोठा गोळा दिसेल, ते त्याचं घरटं. एक शेकरू अशी अनेक घरटी बांधतो, म्हणून रिकाम्या गोळ्याखाली तासभर थांबू नका. उन्हाळ्यात पाणवठ्याजवळ, इथल्या भाषेत गाणीवर, लांब आणि गप्प बसलात तर शेकरूखेरीज आणखी बरंच दिसतं.

यातलं पावसाळ्यात काय करावं? (वाशी)

कनकेश्वर, दोन पावसांच्या मधली उघडीप बघून. पायऱ्यांवर शेवाळ असतं, म्हणून पायरीच्या मधोमध चाला. तिथे वर्दळीने ते घासलेलं असतं. सागरगडला धबधब्याखालचा ओढा गुडघ्यापर्यंत आला असेल तर तिथूनच मागे फिरा. डोंगरावर पाऊस पडत असला तर तासाभरात तो कमरेला येतो आणि तुम्ही वरच अडकता. रानात दगडावर हात टेकण्याआधी काठीने ठोका. फुरसं पालापाचोळ्यात आणि दगडाच्या फटीत बसतं आणि दिसत नाही. चावलंच तर जखम कापू नका, चोखू नका, वर घट्ट दोरी बांधू नका. पाय हलू न देता माणसाला उचलून खाली आणा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा, सापाच्या विषावरचं औषध तिथे असतं. गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात आणि रो-रोसुद्धा हवामान बघून सुटते, तेव्हा परतीची एसटी आधीच विचारून ठेवा.